माजं मालू सांगते

बाळकुमच्या दवाखान्यात मी लोकांकडे पाठ करून बसत असे. हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, कारण वाचणाऱ्याला त्यात उद्धटपणा दिसेल अशी भीती वाटली. तसा तो नव्हता. माझं लाजणं आणि डॉक्टरांची गरज यांचा मेळ बसला, एवढंच.

साल एक्क्याण्णव. नौपाड्यातल्या एका वाचनालयातून मी नुकताच निवृत्त झालो होतो. आयुष्यभर पुस्तकं दिली आणि परत घेतली. त्यासाठी फार बोलावं लागत नाही. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर तर असे दिवस जात की दूधवाल्याशी बोललो तेवढंच. त्याचं मला दुःख होतं असंही म्हणवत नाही, पण एकदा स्वतःचा आवाज ऐकून मी दचकलो होतो, हे आठवतं.

अशात एका संध्याकाळी उत्तम आला. उत्तमचे वडील शिवराम शेलार वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात होते. दर रविवारी मुलाला घेऊन वाचनालयात यायचे आणि स्वतः बाहेर उभे राहायचे, कपड्यांना तेलाचा वास येतो म्हणून. तो मुलगा आता डॉक्टर झाला होता. बाळकुमला एका ट्रस्टच्या धर्मादाय दवाखान्यात रोज सकाळी बसत होता.

"काका," तो म्हणाला, "तुम्हाला सोपं मराठी लिहिता येईल का?"

"येईल असं वाटतं. का?"

त्याने समजावून सांगितलं. दवाखान्यात गर्दी इतकी की एकेका माणसाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. माणूस समोर बसतो, 'अंग दुखतंय' म्हणतो, गोळ्या घेऊन जातो. जे विचारायला हवं ते विचारायचं राहूनच जातं. वागळे इस्टेटमधला एक कारखाना जुना कॉम्प्युटर द्यायला तयार होता. त्यावर मराठी अक्षरं दिसतील अशी सोय एका मित्राने करून दिली होती. पेशंट आत येण्याआधी त्या यंत्रासमोर बसणार, यंत्र एकेक प्रश्न विचारणार, पेशंट 'हो' किंवा 'नाही' एवढंच बटण दाबणार. शेवटी उत्तरांचा कागद, खाली काय तपासावं त्याच्या सूचनेसह, छापून डॉक्टरांच्या टेबलावर.

"माझी आई माहीत आहे ना तुम्हाला?" तो म्हणाला. "रखमाबाई. गावाहून आली त्याच वर्षी ती मोठ्या दवाखान्यात गेली होती. डॉक्टरने विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, काही नाही, जरा अशक्तपणा. त्याने टॉनिक दिलं. पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. वर्षभरात गेली. मला एवढंच हवंय काका, की माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला सगळे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. एकही सुटता कामा नये."

कारखान्याने यंत्र दिलं होतं ते मात्र दिवाळीपर्यंत. त्यानंतर त्यांचा माणूस येऊन बघणार होता. उत्तरांचा डॉक्टरांना खरोखर उपयोग होत असेल तर यंत्र ट्रस्टला देऊन टाकायचं, नाही तर परत न्यायचं. दुसरं घेण्याची ट्रस्टची ऐपत नव्हती.

मी प्रश्न लिहायला घेतले. पहिला कागद उत्तमने वाचला आणि हसू दाबत म्हणाला, "जिना चढताना दम लागतो का? काका, तिथे जिना कुणाच्या घरी आहे?" मग मी ते 'पाण्याचा हंडा आणताना' असं केलं. 'भूक मंदावली आहे का' याचं 'जेवण पूर्वीसारखं जातं का' झालं. इतकी वर्षं पुस्तकांत राहून मला माणसांची भाषा येत नव्हती, हे हळूहळू कळत गेलं. पण उत्तमने ते कधी तोंडावर म्हटलं नाही.

दुसरी अडचण अशी की येणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाचता येत नव्हतं. बाळकुम-कोलशेतच्या कोळणी, शेतावरच्या बाया, मिठागरात काम केलेली म्हातारी माणसं. त्यांना प्रश्न वाचून कोण दाखवणार? उत्तमने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणणारच होतो. अनोळखी बाईला 'शौचाला साफ होते का' हे मी विचारायचं, या कल्पनेनेच मला घाम फुटला. शेवटी मी म्हणालो, "मी तोंड भिंतीकडे करून बसलो तर चालेल का?"

उत्तमला ते फारच पसंत पडलं. म्हणजे उत्तर कुणालाच दिसणार नाही. माणूस आणि यंत्र, मध्ये कुणी नाही. त्याने कोपऱ्यात हिरवा पडदा लावला. कीबोर्डावर पुठ्ठा बसवून त्याला दोनच खिडक्या ठेवल्या, एकीवर उघडा हात काढला आणि दुसरीवर मिटलेली मूठ. उघडा हात म्हणजे हो. बाहेर पाटी लावली : 'पडद्यामागे एकेकट्याने जावे. स्वतःचे उत्तर स्वतः द्यावे.'

ही पाटी निम्म्यांना वाचताच येणार नव्हती, हे आमच्या लक्षात आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मालू आली, सोबत सगुणा. दोघी कोलशेतच्या, एकाच आळीतल्या, बाजारात टोपल्या शेजारी शेजारी लावणाऱ्या. मालू थोराड बांध्याची आणि मोठ्या आवाजाची. सगुणा तिच्याहून लहान, काटक, सतत पदराने तोंड पुसणारी. विमलाबाई नर्सने मालूला एकटीला आत पाठवलं.

"हा कोन बसलाय?" मालूने विचारलं.

"मी प्रश्न वाचतो. तुम्ही बटण दाबायचं."

"मंग तिकडं तोंड कनाला? इतकी वंगाल दिसतंय का मी?"

बाहेरून सगुणा म्हणाली, "मास्तर लाजतान गो. गप बस."

तेव्हापासून मी मास्तर झालो. मी गळा साफ करून पहिला प्रश्न वाचला. मागे टक् असा आवाज आला, यंत्र बारीकसं वाजलं आणि मी पुढचा कागद घेतला. प्रश्न, टक्, पीं. मालू भराभरा दाबत गेली. मग सगुणा आली, तीही अडखळली नाही. दोघी बाहेर गेल्यावर मला उगाचच अभिमान वाटला. माझे प्रश्न त्यांना कळले होते.

त्या दिवसांचा विचार केला की आधी आठवतो तो खाडीवरून येणारा वारा. तेव्हा बाळकुमला भाताची खाचरं होती. दवाखान्याच्या मागच्या खिडकीतून खाजणातल्या चिखलाचा खारट, कुजका वास यायचा आणि दुपार झाली की कारखान्याचा भोंगा. यंत्राची अक्षरं हिरवी होती. वीज कमी-जास्त झाली की ती पाण्यात पडल्यासारखी हलायची. बाकावर बसलेल्या बाया मोठमोठ्याने बोलायच्या, भांडायच्या, एकमेकींच्या केसांतल्या उवा काढायच्या. आणि मी भिंतीकडे तोंड करून त्यांना विचारायचो, रात्री झोप लागते का. इतक्या माणसांशी मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. आता तिथे उंच इमारती आहेत आणि भिंत नेमकी कुठे होती हे मला सांगता येणार नाही.

गणपतीच्या सुमारास उत्तमचा चेहरा उतरू लागला. दुपारी डबा खाताना तो छापलेले कागद पुढ्यात पसरून बसायचा.

"ही मालू बघा," तो म्हणाला. "रात्री खोकते, जेवण जात नाही, संध्याकाळी अंग तापतं, वजन उतरलंय. मी घाबरून छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटो स्वच्छ. आणि ही बाई वजनकाट्यावर उभी राहिली तर काटा थरथरतो. आणि ही सगुणा. हिला म्हणे काही नाही, गुडघे दुखतात आणि पोट फुगतं. माझ्यासमोर बसून खोकत होती."

"एखादी चूक..."

"एखादी नाही काका. निम्मे कागद असे आहेत. जे लिहिलंय ते माणसात नाही आणि माणसात आहे ते कागदावर नाही. या बाया यंत्राशी खोटं का बोलतात?"

मला वाटलं, दोष माझ्या प्रश्नांचा असेल. घरी जाऊन मी सगळे पुन्हा लिहून काढले. आणखी सोपे केले. काही फरक पडला नाही. दिवाळी जवळ येत होती. उत्तमने सगुणाला फोटो काढायला सांगितलं तर ती म्हणाली, मना काय नाय झायलंय, मशीन पण तेच बोलली ना? आणि निघून गेली. आमच्या यंत्राने तिला पळायला वाट करून दिली होती.

नवरात्रात एकदा सगुणा एकटीच आली. गुडघ्याच्या गोळ्या हव्या होत्या, असं तिने विमलाबाईंना सांगितलं. विमलाबाईंनी तिला पडद्यामागे बसवलं. मी पहिला प्रश्न वाचला.

"रात्री खोकला येतो का?"

टक् झालं नाही. मी थांबलो. पुन्हा वाचला. मागून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासात बारीक शिट्टी होती.

"मास्तर," ती म्हणाली, "आज मालू नाय आली. देवीच्या जागरनाला गेली भिवंडीला."

"बरं. पण हे तुमचं आहे."

"तेच तं बोलते. माजं मालू सांगते. मी मालूचं सांगते. आज मालू नाय, तं मी कोनाचं सांगू?"

मला समजायला वेळ लागला. मी भिंतीकडेच तोंड ठेवून विचारलं, "तुम्ही त्या दिवशी बटणं दाबलीत ती कुणाची?"

"मालूची. गुडघे तिचे दुखतान. पोट पन तिचंच फुगतंय, रातचं खाते ना हादडून."

"आणि मालूने?"

"माजी दाबली असतील. दुसऱ्या कोनाची दाबनार ती?"

"तुमचं तुम्ही का नाही सांगत?"

सगुणाचं स्टूल करकरलं. मग लहान मुलाला सांगावं तशी म्हणाली, "आपलं दुखनं आपल्या तोंडानं बोलाचं नसतं मास्तर. बोललं का ते घर करतं. आमचे म्हातारीनं शिकवलंय. दुसऱ्यानं बोलावं, आपून गप रवावं. तुमच्यात नाय असं?"

प्रश्नांचा कागद मी मांडीवर उलटा ठेवला. मी म्हणालो, "आज गोळ्या कुणासाठी न्यायच्या आहेत?"

"मालूसाठी. जागरनात नाचली आसल, आता गुडघे धरून बसल."

आता हे उत्तमला सांगायचं की नाही, यावर मी सकाळभर घुटमळत राहिलो. आज हसू येतं. पण मला खरंच वाटलं की मी एक पुस्तकवाला, एका बाईच्या बोलण्यावरून डॉक्टरांना काय शिकवणार? कदाचित फक्त याच दोघींचं असं असेल. शेवटी दुपारी त्याने डबा उघडला तेव्हा मी खाली बघत सांगून टाकलं.

उत्तमचा घास हातातच राहिला. त्याने कागदांचा गठ्ठा ओढला आणि जोड्या लावायला लागला. कोण कुणाबरोबर आली होती हे विमलाबाईंना तोंडपाठ होतं. मालूचा कागद सगुणाच्या जागी, सगुणाचा मालूच्या. सासवांचे सुनांच्या जागी. एकेक जोडी जुळत गेली. कित्येक आठवड्यांनी तो मोठ्याने हसला.

"म्हणजे यंत्र बरोबर आहे," तो म्हणाला. "फक्त प्रत्येकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर बसलंय."

त्याच संध्याकाळी तो स्वतः कोलशेतला गेला आणि मालूला सांगून आला की सगुणाला फोटो काढायला तू घेऊन जा. मालूने नेलं. छातीत डाग निघाला. टीबी होता, पण वेळेत सापडला होता. गोळ्या सुरू झाल्या.

खरा वाद त्यानंतर झाला. मी म्हणालो की प्रश्न बदलावेत. 'तुम्हाला' ऐवजी 'हिला' किंवा 'याला' करावं आणि सोबतच्या माणसाला आत बसवावं. उत्तमने मान हलवली.

"असं चालत नाही काका. जगात कुठेही रुग्णाचं उत्तर रुग्णच देतो. दुसऱ्याने दिलेलं उत्तर म्हणजे गप्पा. आणि पडदा मी कशासाठी लावला? चारचौघांत बोलता येत नाही म्हणून माणसं गप्प राहतात."

"या एकट्या असल्या की गप्प राहतात," मी म्हणालो. आपण एवढं ठाम काही बोललो याचं मलाच नवल वाटलं, म्हणून घाईघाईने पुढे जोडलं, "असं मला आपलं वाटतं."

त्याने हातातला घास डब्यात परत ठेवला. मग म्हणाला, "आई त्या दवाखान्यात एकटीच गेली होती. बाबा पाळीवर होते. गावी असती तर काकू गेली असती सोबत. काकूने सगळं सांगितलं असतं." आणि डबा न संपवता झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पाटी काढली आणि पडद्यामागे दुसरं स्टूल ठेवलं. बाईने फक्त स्वतःच उत्तर द्यावं असे प्रश्न वेगळे काढले. त्यांच्या वेळी सोबतीणीने आणि मीही बाहेर जायचं, ते विमलाबाई वाचणार. बाकीचे मी नव्याने लिहिले. पडद्यामागे आता टक् टक् पेक्षा कुजबुज जास्त असायची. 'अगं खोटं कनाला बोलतेस माज्यावर?' 'खोटं काय त्यात, रोज तं ऐकते मी भिंतीपलीकडून.' उत्तम म्हणायचा, कागद आता माणसासारखे दिसायला लागलेत.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कारखान्याचा माणूस आला. भगवान साळवी नाव. व्यवस्थित भांग, खिशाला दोन पेनं. त्याने सगळं शांतपणे पाहिलं, कागद चाळले आणि पडद्यामागची दोन स्टुलं पाहून थांबला.

"डॉक्टर, हे बरोबर वाटत नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे कामगाराने काय सांगितलं ते आम्ही लिहितो. त्याच्या शेजाऱ्याने काय सांगितलं ते नाही. उद्या शेजारीण भांडली की काहीही दाबेल. असलं मी वर कसं दाखवू?"

उत्तमने सगुणाचं उदाहरण दिलं. भगवान म्हणाला, "ते एक झालं. पण तुम्हाला खोकला ऐकू येतच होता ना? यंत्र नसतं तरी कळलं असतं."

उत्तमने टेबलावरचे कागद गोळा करायला घेतले. पहिल्यांदाच मला जाणवलं की यंत्र खरंच जाणार. बाकावर मालू आणि सगुणा होत्या. सगुणा गोळ्या न्यायला आली होती आणि मालू तिच्याबरोबर असायचीच.

"एक करू," भगवान म्हणाला. त्याचा सूर वाईट नव्हता, हे सांगायला हवं. "जो पेशंट म्हणून आलेलाच नाही असा माणूस घेऊ. हे काका. आधी ते स्वतः उत्तरं देतील. मग या बाई त्यांच्याबद्दल देतील. बघू काय फरक पडतो."

मला पडद्यामागे यंत्रासमोर बसवण्यात आलं. इतके महिने तिथे होतो, पण उत्तर देणाऱ्याच्या जागी मी कधी बसलो नव्हतो. उत्तम प्रश्न वाचायला लागला. माझेच प्रश्न. तहान जास्त लागते का? मी मिटलेली मूठ दाबली. रात्री लघवीला उठावं लागतं का? पडद्यापलीकडे चार माणसं ऐकत होती. मूठ. वजन उतरलंय का? मूठ. अशी प्रत्येक दुखण्याला मूठ दाबत मी शेवटापर्यंत गेलो. परीक्षा यंत्राची आहे, तिथे माझं काय मध्ये आणायचं, असं काहीसं मनात होतं. की तेही नव्हतं आणि नुसतीच सवय होती, कोण जाणे.

मग मालू बसली. मी माझ्या जागेवर, भिंतीकडे तोंड करून.

"यांना तहान जास्त लागते का?" उत्तमने विचारलं.

"बाहेरचा माठ कोन रिकामा करतंय मंग?" मालू म्हणाली आणि टक् केलं. "विमलाबाई दोन वेळा भरते. आमी बसतो बाहेर, बगतो ना. दर दोन बायांमागं एक पेला."

"नुसतं बटण दाबा, मालूबाई."

"दाबते की. बोलले बिगर कसं दाबाचं?"

"लघवीला वारंवार जातात का?"

"आता मास्तरांसमोर काय सांगू," मालू म्हणाली. सगुणा पडद्याबाहेरून म्हणाली, "जातान. मागच्या दारानं. आपल्याला वाटतं कोन बगत नाय." टक्.

"वजन उतरलंय का?"

"पट्टा बग जा त्याचा. नवीन भोक पाडलंय खिळ्यानं." टक्.

"जेवण पूर्वीसारखं जातं का?"

"बायको उपाशी ठेवते याला."

"त्यांना बायको नाही," उत्तम म्हणाला.

"नाय?" मालू म्हणाली. "तरीच. मंग शर्टाची ती ढिली बटनं कोनी लावली? मना वाटलं बायकोच आळशी हाय."

"दारू पितात का?"

"पीत असता तं चार शब्द बोलला असता," सगुणा म्हणाली आणि विमलाबाईसुद्धा हसल्या.

मी भिंतीकडे पाहत होतो. कान तापले होते. इतके महिने मी समजत होतो की पाठ केली म्हणजे आपण दिसत नाही. आणि या बाया बाकावर बसून माझी पाठ, माझा पट्टा, माझा पेला बघत होत्या. राग यायला हवा होता बहुतेक. आला नाही.

दोन कागद छापून आले. माझ्या कागदावर जवळपास काहीच नव्हतं. मालूच्या कागदावर अर्धं पान भरलं होतं आणि खाली यंत्राने लिहिलं होतं : साखर तपासावी.

"आता यातलं खरं कोणतं?" भगवानने विचारलं.

उत्तमने मला लघवीसाठी रिकामी बाटली दिली. मी मागच्या दाराने जाऊन आलो. त्याने काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. आम्ही सगळे टेबलाभोवती उभे राहिलो. निळं हिरवं झालं. हिरवं पिवळं. मग तळाशी विटेच्या चुऱ्यासारखा लाल गाळ बसायला लागला.

"म्हणजे?" भगवान म्हणाला.

"म्हणजे साखर भरपूर आहे," उत्तम म्हणाला. त्याचा आवाज आनंदाचा नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. "काका, किती दिवस चाललंय हे?"

मी म्हणालो, "तसं काही नाही."

भगवान साळवीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पुन्हा वाचले आणि घडी करून एका खिशात घातले. "यंत्र राहू द्या," तो म्हणाला. "हे दोन मी दाखवतो वर." जाता जाता तो मालूजवळ थांबला आणि काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, "तुज्याबद्दल कसं सांगू? तू तं आजच आलास. चार दिस येऊन बस बाकावर."

यंत्र पुढे चार वर्षं चाललं. मग त्याची अक्षरं दिसेनाशी झाली. ट्रस्टची जागा गेली, उत्तम कल्याणला स्वतःचा दवाखाना घालून बसला. सगुणा पूर्ण बरी झाली. हल्ली मला तपासणीला नेतात तिथे एक मुलगी हातात काचेची पाटी देते आणि म्हणते, आजोबा, भरा. खूप सुंदर अक्षरं असतात, बोट लावलं की उत्तर उमटतं. मी एकटाच कोपऱ्यात बसून भरतो, आणि मला बाकावरची ती सकाळ आठवते, भगवान आला त्यानंतरच्या मंगळवारची.

त्या दिवशी विमलाबाईंनी माझ्या नावाचा केसपेपर काढला आणि मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. एका बाजूला मालू, दुसऱ्या बाजूला सगुणा, मध्ये मी, हात मांडीवर ठेवून. सुकटीचा वास येत होता. मालूने मला जरा सरकून बसायला लावलं आणि विचारलं, रातचं काय खाल्लंस. मी सांगितलं. तिने तोंड वाकडं केलं.

माझं नाव पुकारल्यावर मी उठलो तर तीही उठली.

"काका, कसं वाटतंय?" उत्तमने विचारलं.

मी तोंड उघडलं. मालूने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गप रवा मास्तर," ती म्हणाली आणि सांगायला लागली. बरंच सांगितलं. काही चुकीचंही होतं. मी खुर्चीत बसून ऐकत राहिलो, आणि उत्तम लिहीत होता.